अंधारात चमकणारा बांगडा, आणि बॅक्टेरिया म्हणे आधी डोकी मोजतात?

पुळणीवरची:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आमचं घर देवगड तालुक्यात, अगदी खाडीच्या तोंडाशी. डिसेंबरात आठवडाभर गेले होते. पहिल्याच दिवशी काका रापणीवरून (पुळणीवर उभं राहून सगळ्यांनी मिळून दोराने ओढायचं मोठं जाळं) पिशवीभर बांगडे घेऊन आला, आईने निम्मे साफ करून संध्याकाळी तिखलं केलं आणि उरलेले चार तसेच, न धुता, खारं पाणी निथळत होतं तसेच टोपात टाकून वर ताट पालथं घातलं, म्हणाली सकाळी बघू. आणि नेमकी लाइट गेली ती दोन दिवस आलीच नाही, म्हणजे फ्रीजही बंद. सकाळी पाहुणे आले, त्या गडबडीत टोप पडवीच्या कोपऱ्यात राहिला तो राहिलाच. (मांजराला कसा सापडला नाही देव जाणे.)

पहिल्या रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा सहज ताट सरकवून बघितलं होतं, काही नव्हतं, मिट्ट काळोख. दुसऱ्या रात्री अडीच-तीनला वास सुटला म्हणून आईने टोप बाहेर ठेवायला पाठवलं. बॅटरी न घेता गेले, ताट काढलं आणि ते हातातून पडलंच. दोन बांगडे उजळले होते! बल्बसारखं नाही हं, अगदी मंद, निळसर हिरवं, कल्ल्यांपाशी आणि पोटाच्या कडेला जास्त, बाकी अंगावर नुसते ठिपके. उरलेले दोन काळेच. बोट लावलं तर बोटाच्या टोकाला तो उजेड लागून आला, अंगठ्याने चोळला तर पसरला. आई आतून ओरडली, आधी ते टाक आणि हात धू.

त्याच आठवड्यात रात्री पुळणीवर गेलो तर लाटा फुटताना निळ्या पेटत होत्या, ओल्या वाळूत पाऊल टाकलं की भोवती ठिणग्या. काका म्हणतो थंडीत असतंच हे.

तर प्रश्न असा की हे दोन्ही एकच का? माझा मावसभाऊ बीएस्सीला आहे, तो म्हणाला की माशावरचे बॅक्टेरिया असतात आणि ते आधी एकमेकांशी केमिकलने बोलून आपण किती जण आहोत ते मोजतात, पुरेसे झाले की मगच दिवा लावतात. मला वाटलं माझी फिरकी घेतोय. पहिल्या रात्री काळोख आणि दुसऱ्या रात्री उजेड हे त्यामुळेच का? आणि हो, असा मासा चुकून खाल्ला तर काय होतं?

सूक्ष्मजीवी:
मावसभावाने फिरकी घेतलेली नाही, पण जरा घाईत सांगितलंय.

आधी लाटांचं. ते नॉक्टिल्युका, बॅक्टेरिया नव्हेच. एकपेशीय जीव, पण बॅक्टेरियाच्या मानाने हत्ती, मोठी पेशी नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखी दिसते. तो धक्का लागला की क्षणभर चमकतो आणि विझतो. पुढच्या वेळी ते पाणी बाटलीत भरून अंधारात हलवा, हलवलं की ठिणगी आणि ठेवून दिलं की काळोख असं झालं तर नॉक्टिल्युका. बॅक्टेरियाचा उजेड तुम्ही टोपात पाहिलात तसा, कोणी हात लावो न लावो, संथ चालूच. ढवळल्यावर थोडा वाढतो कारण त्याला ऑक्सिजन लागतो. १६६८ साली रॉबर्ट बॉइलने चमकणारं लाकूड आणि चमकणारा मासा हवेच्या पंपाखाली ठेवून बघितला होता, हवा काढली की उजेड मावळायचा. तेव्हा बॅक्टेरिया हा प्रकार कोणाला माहीतही नव्हता.

आता बोलणं. समुद्रात व्हिब्रिओ फिशेरी नावाचा बॅक्टेरिया आहे (हल्ली नाव बदलून आलीव्हिब्रिओ केलंय, पण जुनं नाव जिभेवरून जात नाही). त्याची पेशी एक बारीकसा रेणू सतत बाहेर सोडत असते, अगदी थोडा थोडा. एकटी असेल तर तो रेणू समुद्रात वाहून जातो, संपला विषय. पण आजूबाजूला तिच्यासारख्याच कोट्यवधी असल्या, आणि जागा बंदिस्त असली, तर सगळ्यांनी सोडलेला रेणू साठत जातो आणि पेशीत परत शिरतो. आत लक्सआर नावाचं प्रोटीन असतं, ते रेणूला धरतं आणि उजेडाच्या जीन्सचा खटका दाबतं. गंमत म्हणजे त्याच खटक्याने लक्सआय नावाचं दुसरं प्रोटीन वाढतं, जे तो रेणूच बनवतं. म्हणजे साठा वाढला की आणखी वाढतो, म्हणून दिवा हळूहळू न लागता एकदम लागतो.

तुमच्या रापणीचंच घ्या की. दोन माणसांनी दोर धरून काही होणार आहे का? पुळणीवर आधी माणसं जमायला लागतात. एकट्या पेशीने उजेड केला तर दिसणार कोणाला, नुसती ताकद वाया.

हे कळलं कसं तेही सांगतो, कारण प्रयोग फार साधा आहे. १९७० च्या सुमाराला नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी हे बॅक्टेरिया ताज्या पोषक पाण्यात सोडले. पेशी वाढत होत्या, दुपटीने वाढत होत्या, पण उजेड मात्र तितकाच. बराच वेळ काही नाही आणि मग गर्दी झाल्यावर एकदम उसळी. मग ज्यात आधी दाट बॅक्टेरिया वाढलेत असं वापरलेलं पाणी गाळून, त्यातल्या पेशी काढून टाकून, ते थोड्याशा नव्या पेशींना दिलं, तर त्या वेळेआधीच उजळल्या. म्हणजे पाण्यातच निरोप होता. तो रेणू नेमका कोणता हे १९८१ मध्ये कळलं, आणि या सगळ्या प्रकाराला कोरम सेन्सिंग हे नाव पडलं १९९४ मध्ये. कोरम म्हणजे आपला ग्रामसभेचा कोरम तोच.

खाण्याबद्दल: उजेड स्वतः विषारी नसतो. पण बांगडा उजळला याचा अर्थ तो न थंड करता बराच वेळ पडून होता, आणि बांगड्यासारख्या माशात अशा वेळी हिस्टामीन तयार होतं. ते उकळून तळून जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पुरळ, हे त्याचेच प्रताप. आईचं ऐकलंत ते बरं केलंत.

शंकासुर:
नावाला जागतो आणि शंका काढतो.

एक, धागाकर्तीच्या टोपात नेमका कोणता बॅक्टेरिया होता हे कोणी तपासलंय? मेलेल्या माशावर चमकणारे बरेचदा फोटोबॅक्टेरियम गटातले असतात आणि त्यांच्या बऱ्याच वाणांत ही मोजामोजी व्हिब्रिओइतकी स्पष्ट सापडत नाही, ते दिवा कमीजास्त चालूच ठेवतात. पहिल्या रात्री पेशी कमी म्हणून उजेड डोळ्यांना दिसला नाही, दुसऱ्या रात्री वाढल्या म्हणून दिसला, इतकं साधं उत्तर पुरतं की. प्रत्येक चमकणाऱ्या बांगड्यावर कोरमचा शिक्का मारू नका.

दोन, हे "बोलतात" प्रकरण. रोझमेरी रेडफिल्ड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये रास्त मुद्दा काढला होता की पेशी कदाचित शेजारी मोजतच नसेल. ती फक्त बघत असेल की मी सोडलेली वस्तू माझ्यापाशी राहते की वाहून जाते. बाहेर पचनाचे एन्झाइम सोडायचे असतील तर आधी स्वस्तातला रेणू सोडून बघायचा, टिकला तर महागाचा माल सोडायचा. विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल ते बघतो त्याला आपण विहिरीशी गप्पा म्हणतो का?

आणि ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. आमच्या गावात ते १०० सुद्धा जमत नाहीत, बॅक्टेरियांचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी.

पुळणीवरची:
अय्या दोघांनीही एवढं सविस्तर लिहिलंत, धन्यवाद! शंकासुर, तुमचं विहिरीचं पटलं पण मग मला आणखी गोंधळ झाला. समुद्र तर एवढा मोठा, बंदिस्त जागा कुठली तिथे? रेणू सोडला की गेलाच की वाहून. मग या मोजण्याचा समुद्रात उपयोग काय, हे सगळं काचेच्या नळीतच होतं का?

सूक्ष्मजीवी:
शंकासुर, पहिला मुद्दा मान्य, टोपातल्याचा पंचनामा झालेला नाही. मी व्हिब्रिओचं उदाहरण दिलं, टोपावर शिक्का मारायला नको होता. दुसराही निम्मा मान्य. पण निम्माच, का ते खाली सांगतो.

ताई, तुमचा प्रश्न खरा मुद्द्याचा आहे. उघड्या पाण्यात व्हिब्रिओ फिशेरी एका मिलीलिटरमध्ये फार तर काही डझन, तिथे तो गप्पच असतो, अंधारात. वर समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी, पीएच ८ च्या आसपास, त्यात या रेणूचं कडं काही तासांत उघडतं आणि निरोप निकामी होतो. म्हणजे समुद्र हा निरोप नुसता पातळ करत नाही, पुसूनही टाकतो. म्हणून ही सगळी भानगड चालते ती जिथे दाटी होते तिथे. माशाचं आतडं, कोळंबीचं कवच, मेलेल्या शेवाळाचा लगदा, होडीच्या बुडावरचा बुळबुळीत थर.

आणि सगळ्यात दाट जागा म्हणजे माकूल (स्क्विड). आपलं नव्हे, हवाई बेटांजवळचं, बोटाएवढं बॉबटेल माकूल. त्याच्या पोटाखाली उजेडाची एक पिशवी असते आणि तिच्यात फक्त व्हिब्रिओ फिशेरी पोसलेले, एका मिलीलिटरला हजार कोटींहून जास्त. तिथे निरोप साठतो आणि दिवा लागतो. रात्री हे माकूल शिकारीला निघतं तेव्हा वरून चांदणं पडतं, खालून बघणाऱ्या माशाला त्याची काळी सावली दिसायला हवी, पण हे पोटाखालून तेवढाच उजेड सोडतं आणि सावली पुसली जाते. उजाडलं की सुमारे ९५ टक्के बॅक्टेरिया बाहेर फेकून देतं, उरलेले दिवसभरात वाढून संध्याकाळपर्यंत पुन्हा दाटी. रोजचं हे. म्हणजे रोज सकाळी कोरम मोडतो आणि रोज रात्री भरतो. तेव्हा मोजण्याचा उपयोग आहे, शंकासुर. आणि ज्यांचे हा रेणू बनवायचे किंवा उजेडाचे जीन्स बिघडवून पाहिले, त्या बॅक्टेरियांना माकूल फार दिवस ठेवूनच घेत नाही.

आता निम्मं का पटलं नाही ते. व्हिब्रिओ हार्वेयी म्हणून याचा भाऊबंद आहे, तो एकाच वेळी तीन वेगवेगळे रेणू ऐकतो. एक जवळपास फक्त स्वजातीचा, दुसरा व्हिब्रिओ मंडळींचा, तिसरा असा की तो भलत्याच जातींचे बॅक्टेरियाही बनवतात. बॉनी बॅसलर यांच्या प्रयोगशाळेने हे लावून धरलं. नुसतं "माल टिकतोय का" एवढंच बघायचं असतं तर एक रेणू पुरला असता, घरचे किती आणि परके किती हे वेगळं मोजायचं कारण काय? त्या तिसऱ्या रेणूचा आकार २००२ मध्ये दिसला तेव्हा त्यात चक्क बोरॉन निघालं. बोरॉन जीवांत फार क्वचित, पण समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण साडेचार मिलिग्रॅम असतंच. मला स्वतःला या सगळ्या गोष्टीतला हा तुकडा सर्वांत आवडतो, समुद्रात फुकट पडलेलं होतं ते उचललं आणि निरोपाला लावलं.

शंकासुर:
बोरॉनचं भारीच. पण तिसऱ्या रेणूबद्दल एक पुस्ती, बऱ्याच बॅक्टेरियांत तो पेशीच्या रोजच्या साफसफाईतून निघणारा टाकाऊ माल असतो, ते काही कोणाला सांगायला म्हणून बनवत नाहीत. शेजारच्या घरातून तळलेल्या सुरमईचा वास आला तर शेजारणीने मला निरोप धाडला असं नाही. मी तो वास घेऊन जेवायची वेळ झाली असं समजतो हा माझा हिशेब. बाकी माकुळापुढे हात टेकले.

कोळंबीवाला:
रायगडातून लिहितोय. तुम्ही लोक कौतुक करताय त्या हार्वेयीच्या नावाने आम्हाला घाम फुटतो. मी आधी हॅचरीत, म्हणजे कोळंबीची पिल्लं काढतात तिथे होतो, आता तळी बघतो. पिल्लांच्या टाकीत हा शिरला की रात्री लाइट बंद करून बघायचं, पाणी आणि पिल्लं दोन्ही हिरवट चमकतात. दिसायला इतकं सुंदर आणि सकाळी तळाला मेलेल्या पिल्लांचा थर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोरांना बोलवून दाखवलं होतं, बघा काय मस्त, मालक तिथेच कपाळाला हात लावून उभा.

त्यात काही अँटिबायोटिक कोळंबीला बंदच आहेत, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान वगैरे, आणि जी चालतात ती वारंवार मारली की जंतू निर्ढावतात. म्हणून मला या विषयात रस. एका ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की जंतू मारायचाच नाही, त्याचा निरोप बंद पाडायचा. म्हणजे तो आहे पण त्याला कळतच नाही की आपण पुरेसे झालोय. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं एक लाल शेवाळ असं करतं म्हणे, आणि काही बॅसिलस बॅक्टेरिया तो रेणूच तोडतात. आम्ही टाकीत बॅसिलसची पावडर घालतो ती याच्यासाठी का? जाणकारांनी सांगावं. पावडर महाग आहे हो.

सूक्ष्मजीवी:
शेवाळाचं बरोबर, डेलिसिया पल्क्रा त्याचं नाव. ते फ्युरॅनोन नावाची द्रव्यं बनवतं, ती त्या रेणूसारखीच दिसतात आणि बॅक्टेरियाचं कुलूप अडवतात, म्हणून त्याच्या पानांवर थर धरत नाही. बॅसिलसचंही खरं, त्यांच्यात रेणूचं कडं तोडणारं एन्झाइम सापडलंय, २००० च्या आसपास. प्रयोगशाळेत अशी तोडफोड करून पिल्लं जास्त जगलेली दिसली आहेत. पण तुमच्या पुड्यातल्या बॅसिलसचं काम मुख्यतः अन्न आणि जागा अडवणं, तळाचा गाळ खाणं, यातूनही होत असतं. त्यातला रेणू तोडण्याचा वाटा किती हे तळ्याकाठी उभं राहून सांगता येणार नाही. शिवाय तो एकटा रेणू तोडून हार्वेयी बहिरा होत नाही, दुसरे दोन कान आहेतच.

तांडेलाचा नातू:
धागा उशिरा बघितला. होडीच्या बुडाचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही.

जून-जुलैच्या बंदीत आम्ही होडी वर ओढतो आणि बूड खरवडतो, ते काम कोणी केलंय त्यालाच कळेल. वरचं शेवाळ आणि बार्नेकल सोडा, त्याच्याखाली जो चिकट थर असतो ना, बोटाने निघत नाही, तो बसला की मागून सगळे येतात असं आजा म्हणायचा. नवीन रंग दिलेली होडी पाण्यात लोटली की दोनतीन दिवसांतच हात फिरवला तर बुळबुळीत लागते. आजा म्हणायचा "लेप धरला", आणि लेप धरला की शेवाळ आलंच समज. याच्यात पण हेच निरोपाचं आहे काय?

आणि अजून एक. आजा तरुणपणी मोठ्या जहाजावर खलाशी होता, एडनच्या बाजूला एका रात्री आख्खा दर्या दुधासारखा पांढरा झाला होता म्हणून सांगायचा, लाट नाही की ठिणगी नाही, नुसता पांढरा. आम्ही थाप समजायचो.

सूक्ष्मजीवी:
थाप नव्हे हो! आजोबांनी बघितलं ते मिल्की सी, दुधाळ समुद्र, आणि तो अरबी समुद्राच्या पश्चिमेला, एडन-सोकोत्राकडेच जास्त नोंदलेला आहे. १९८५ साली सोकोत्राजवळ एका संशोधन जहाजाने तसलं पाणी वर काढून तपासलं तेव्हा त्यात शेवाळावर पोसलेला व्हिब्रिओ हार्वेयी मिळाला, तोच, कोळंबीवाल्यांचा वैरी. १९९५ मध्ये सोमालियाजवळ लिमा नावाच्या जहाजाने असाच समुद्र नोंदवला होता आणि पुढे दहा वर्षांनी स्टीव्हन मिलर आणि मंडळींनी त्या रात्रींची उपग्रहाची चित्रं काढून बघितली तर तो चमकता पट्टा सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर निघाला, तीन रात्री. आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे मिळून याहून कमी भरतात. उघड्या पाण्यात दाटी होत नाही असं मी वर म्हटलं त्याला हा अपवाद, शेवाळ फुलून कुजतं तेव्हा त्याच्यावर कोरम भरतो.

लेपाचं उत्तर होय. २००२ मध्ये असं दाखवलं गेलं की उल्वा या हिरव्या शेवाळाचे पोहणारे बीजाणू बॅक्टेरियाच्या थरावर बसायचं का हे ठरवताना त्यांचा हा निरोप पकडतात. जिथे रेणू जास्त तिथे बीजाणूंचा वेग मंदावतो आणि ते टेकतात. म्हणजे बॅक्टेरियांनी आपापसात सोडलेली गोष्ट तिसराच ऐकतो. शंकासुर, हे तुमच्या सुरमईच्या वासातच बसतं, कबूल.

तांडेलाचा नातू:
आज्याची माफी मागायला तो नाही आता. बाकी झकास.

पुळणीवरची:
महिन्याने येतेय. सूक्ष्मजीवी यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून असा मासा घरी उजळवून बघायची रीत विचारली होती, ती इथे टाकते कारण करून बघितलंय. मी रत्नागिरीत भाड्याने राहते, पहाटे मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन बर्फ न लागलेले दोन बांगडे मागितले, मावशीने मला वेड्यात काढलं. एक नळाच्या पाण्याने स्वच्छ धुतला आणि ताटात साध्या पाण्यात ठेवला. दुसरा न धुता, लिटरला तीस ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, अर्धा वर राहील असा. दोन्ही झाकून बाथरूममध्ये, तिथे घरातल्या घरात थंड. खिडकीला काळा कागद. बघायच्या आधी पंधरा मिनिटं अंधारात बसायचं, हे फार महत्त्वाचं, मी पहिल्यांदा पाच मिनिटांत दार उघडलं.

पहिली रात्र दोन्ही काळे. दुसऱ्या रात्री मिठातल्याच्या डोळ्याजवळ मोहरीएवढे तीन ठिपके, मोजले. पहाटे पाचला उठून बघितलं तर ठिपके एकमेकांत मिसळलेले आणि पाण्याच्या कडेने एक रेघ उजळलेली. धुतलेला शेवटपर्यंत काळाच, नुसता घाण मारत होता. शंकासुर, कोरम होता की नुसती गर्दी ते मला अजूनही सांगता येणार नाही, शिक्का मारत नाही.

काकाला व्हिडिओ कॉल करून दाखवायला गेले तर कॅमेऱ्यात ठार काळोख, आणि मोबाइलच्या उजेडाने माझेही डोळे दिपले ते वेगळंच. काका म्हणाला, बाथरूममध्ये बसून मला काळोख काय दाखवतेस. ते ताट आता जेवायला घ्यायचं नाही असं नवऱ्याने जाहीर केलंय, म्हणून ते प्रयोगाचं म्हणून वेगळं काढलंय. पुढच्या खेपेला माकूल आणणार आहे.